‘तो घरा कसो येता?’

विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं, की मी स्वयंपाकघरातल्या मेजावर मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवते आणि भाजी चिरता चिरता कामकाज ऐकते. कुणी आमदार एका दमात चार प्रश्न विचारायला लागला, की माझ्या तोंडून निघतंच, "एकच विचार रे बाबा, एकच!" माझी सून हसते. म्हणते, "आई, तुम्ही निवृत्त झालात हे त्यांना कुणी कळवलेलं नाही वाटतं."

पेडण्याकडच्या एका आमदारांची मी स्वीय सहायक होते. मतदारसंघ कुठला ते सांगत बसत नाही. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही इथे तेच म्हणते. भाऊ घरचे बागायतदार, काजू आणि माडांत वाढलेले. आधी गावचे पंच, मग सरपंच, आणि मग लोकांनीच उभं केलं म्हणून विरोधी बाकावरचे आमदार. मी माहेरची मुळगावची, लग्न होऊन पेडण्यात आले. थोडं टायपिंग आणि बरंच मराठी येत होतं, तेवढ्यावर ही नोकरी मिळाली.

लोकांना वाटतं, आमदाराच्या पीएचं काम म्हणजे फोन उचलणं आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणणं. तेही करावं लागतं. पण माझं खरं काम होतं प्रश्न तयार करणं. पर्वरीला विधानसभेचं अधिवेशन भरतं तेव्हा रोज प्रश्नोत्तरांचा एक तास असतो. त्यात आमदार विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. प्रश्न दोन जातींचे. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर येतं. तारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतंच, वर आमदाराला उभं राहून मंत्र्याला समोरासमोर आणखी विचारता येतं. त्या आणखी विचारण्याला पुरवणी प्रश्न म्हणतात आणि सगळी मजा तिथेच असते. लेखी उत्तर खात्याचे अधिकारी शांतपणे बसून लिहितात. पुरवणी प्रश्नाला मात्र मंत्र्याला उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागतं.

कार्यालयात येणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि त्यातून प्रश्न काढायचा, हे नारळ सोलण्यासारखं असतं. वरचं सोडण बरंच निघतं, खोबरं थोडं. एक गृहस्थ आले होते, शेजाऱ्याचा कोंबडा भलत्या वेळी आरवतो यावर तारांकित प्रश्न टाका म्हणून. मी म्हटलं, "काका, प्रश्न कुठल्यातरी मंत्र्याला विचारावा लागतो. कोंबडा कुठल्या खात्यात येतो?" त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "पशुसंवर्धन." बिनचूक उत्तर होतं. प्रश्न मात्र नाही टाकला.

भाऊंचं पहिलं अधिवेशन मला अजून आठवतं. पाण्याच्या टँकरवर आमचा तारांकित प्रश्न होता. भाऊ उभे राहिले, सभापतींना नमस्कार केला, मंत्र्यांचे आभार मानले, मग गावांची नावं, विहिरींची अवस्था, बायकांचे हाल आणि शेवटी पाच-सहा प्रश्न एकाच माळेत ओवून बसले. मंत्री अनुभवी. त्या माळेतला सगळ्यात सोपा मणी त्यांनी उचलला, हसत हसत उत्तर दिलं, आणि सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला. परतताना गाडीत माझ्या शेजारी बसलेले भाऊ पूल येईपर्यंत प्रश्नाचा कागद उलगडत, घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मीनाबाय, माका हा जमाचा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या पायऱ्या चढून विष्णूमामा आले.

विष्णूमामा दशावतारातले राजपार्टीचे नट. म्हणजे आख्यानात राजा असेल तो तेच व्हायचे. आमच्या भागातल्या जत्रांत त्यांच्या नावावर माणसं जमत. रंगमंचावर खणखणीत संस्कृतप्रचुर मराठी आणि खाली उतरले की घरची पेडण्याची बोली. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांनी मुकुट ठेवून दिला होता. आठवड्यातून तीनदा शहरातल्या सरकारी इस्पितळात डायलिसिस. रक्त यंत्रातून शुद्ध करून पुन्हा अंगात सोडायचं, त्यासाठी अर्धा दिवस खाटेवर पडून राहायचं. माणूस वाळून गेला होता, पण चालण्यातला राजा तसाच होता. मागून मामी छत्री आणि पिशवी घेऊन येत होत्या.

मी खुर्ची दिली. बसायच्या आधीच ते म्हणाले, "काल तुझो आमदार हरलो."

"तुम्ही बघितलं?"

"आमी सगळ्यांनी बघितला. यंत्राक बांधून घातल्यार माणूस आणि काय करतलो? नर्सबाईन मोबाइल लावलो. वॉर्डभर विधानसभा." मग आवाज उतरवून म्हणाले, "बाय, दशावतारात लिवलेले संवाद नसतत. समोरचो काय बोलतलो ता आमका ठावक नसता. तेका तीन गोष्टी एकदम विचारल्यो, तर तो सोपी तीच धरता आणि टाळी घेऊन जाता. एकच विचारूक जाय. आणि गप उभ्या रवाक जाय."

आतून भाऊ ऐकत होते. ते बाहेर आले, मामांच्या पाया पडले आणि म्हणाले, "माका शिकयशात?"

मामा खूश झाले. पण ते शिकवायला आले नव्हते. त्यांचं काम वेगळंच होतं, आणि ते त्यांच्या स्वतःसाठी नव्हतं.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर लाटंबार्शाची शालन नावाची बाई असायची. तिशी ओलांडलेली, घरात एक लहान मुलगी. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, त्यामुळे दिवसभर बाहेर. काजूच्या हंगामात बागेत राबणारी ती बाई आता जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना थांबायची. जाताना कशीबशी दोन बसगाड्या बदलून पोचायची. परतणं तिला झेपत नव्हतं. डायलिसिस झालं की अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं होतं, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे काळोख येतो. आणि नेमकं तेव्हा भर उन्हात बसस्टँडवर उभं राहायचं, गर्दीत चढायचं, वाटेत उतरून दुसरी गाडी धरायची. एकदा ती स्टँडवरच कोसळली. तेव्हापासून तिनं मधलीच एक खेप गाळायला सुरुवात केली होती.

"डॉक्टर तिका बोलतत," मामा म्हणाले. "ती मान हलयता. पण सांगणा ना की येवपाचा भंय ना, परत जावपाचा भंय आसा. मियां तिका विचारलंय तेव्हा रडली. खेपो चुकयत रवली तर ती जगाची ना, भाऊ. तिका ठावक आसा."

मामींनी छत्री कोपऱ्यात उभी केली. त्या म्हणाल्या, "हेंका मी धरून हाडतंय. तिका कोण आसा?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. लाटंबार्से डिचोली तालुक्यात. तिथलं एकही मत आमचं नव्हतं आणि तिथले आमदार सत्ताधारी पक्षाचे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुमच्या आमदारांना सांगा. भाऊ म्हणाले, "मीनाबाय, प्रश्न घाल."

प्रश्न घातला. साधा होता: डायलिसिसच्या रुग्णांना ने-आण करण्यासाठी सरकारची काय सोय आहे, आणि पेडणे व डिचोली तालुक्यांतल्या आतल्या गावांना ती मिळते का? पण प्रश्न घातला म्हणजे विचारला जातोच असं नाही. तारांकित प्रश्नांची सोडत निघते. तिच्यात ज्याचं नशीब वर, त्याचा प्रश्न वर. आमचा निघाला पार तळाशी. तो तास संपला की खालचे सगळे प्रश्न न बोलताच संपतात, नुसतं लेखी उत्तर हातात पडतं. तिथपर्यंत पाळी पोचणं कठीण होतं.

आमच्या वरच्या प्रश्नाखाली नाव होतं त्याच डिचोलीच्या सत्ताधारी आमदारांचं. त्यांचा प्रश्न रस्त्यांवरचा, आणि रस्त्यांवर बोलायला लागलं की कुणी लवकर थांबत नाही.

भाऊ सरळ त्यांच्याकडे गेले. मी सोबत होते. विधानसभेच्या कॅन्टीनमध्ये ते चहा घेत बसले होते. भाऊंनी शालनची हकिकत सांगितली, कुठल्या गावची तेही सांगितलं. ते ऐकत राहिले, कप खाली ठेवला.

"माझी मतदार, आणि प्रश्न तुम्ही विचारणार?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारा तर," भाऊ म्हणाले. "माझो हट्ट ना. कोणीतरी विचारूक जाय."

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "आमच्या बाकावरून हे विचारलं तर ते आपल्याच सरकारच्या कौतुकासारखं वाटेल. तुम्हीच विचारा. मी माझा रस्ता थोडक्यात आवरतो." या गृहस्थांचं राजकारण मला कधी पटलं नाही. पण त्या चहाच्या मेजावरचं त्यांचं ते वाक्य मी आजवर आदरानं जपलं आहे.

इकडे आमच्या कार्यालयात तालीम सुरू झाली. डायलिसिस नसेल त्या दिवशी विष्णूमामा यायचे. मी मंत्री, भाऊ आमदार, मामी प्रेक्षक. मामांची इच्छा होती की भाऊंनी गर्जना करावी. "छाती पुढे! नजर सिंहासनावर! बोला, ‘हे मंत्रिवर!’" भाऊंनी एकदा खरंच गर्जना केली. बाहेरच्या खोलीत दाखल्यासाठी थांबलेली एक म्हातारी घाबरून उठली आणि खुद्द मामींना हसू आवरेना. भाऊ कानापर्यंत लाल झाले.

मामाही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "ना, तू राजा नाय. चुकलंय मी. तू तुझ्या आवाजात विचार. घरात आवशी-बापाशीक विचारतंस तसो."

लेखी उत्तर आदल्या दिवशी हातात आलं. छान टाइप केलेलं, नीटनेटकं. गरजू रुग्णांसाठी रुग्णवाहिकेची सोय उपलब्ध आहे, असं त्यात म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं. अत्यवस्थ माणसाला इस्पितळात न्यायला रुग्णवाहिका येते आणि चांगली येते; माझ्या सासऱ्यांचा जीव तिनंच वाचवला होता. पण डायलिसिस झालेला माणूस अत्यवस्थ नसतो. त्याला घरी सोडलेलं असतं. तो कुठल्याच खात्यात बसत नव्हता.

त्या दिवशी मी सभागृहाच्या वरच्या गॅलरीत होते. डिचोलीच्या आमदारांनी शब्द पाळला. त्यांच्या रस्त्यावर त्यांनी एकच पुरवणी प्रश्न विचारला आणि बसले. त्यांच्याच बाकावरचे लोक चकित होऊन बघायला लागले. सभापतींनी भाऊंचं नाव पुकारलं.

मंत्री म्हणाले, "उत्तर पटलावर ठेवलं आहे."

भाऊ उभे राहिले. नमस्कार केला. आभार मानले नाहीत, गावांची नावं घेतली नाहीत. आमच्या बोलीतच म्हणाले, "सभापती सर, डायलिसिस जाल्यार तो माणूस घरा कसो येता?"

आणि गप्प राहिले.

मंत्री उठले. रुग्णवाहिका किती चांगल्या आहेत, नवीन यंत्रं आली आहेत, उपचार मोफत आहेत, हे सगळं त्यांनी सांगितलं. सगळं खरं होतं. ते बसले. भाऊ पुन्हा उठले. आवाज तेवढाच, हळू.

"सर, जाता तो कसो ता कळला. तो घरा कसो येता?"

खाली अधिकाऱ्यांच्या कक्षात धावपळ झाली, कुणीतरी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. मंत्र्यांनी ती वाचली. मला वाटलं, आता काहीतरी गुळगुळीत ऐकू येणार. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली, चष्मा काढला.

"सभापती महोदय," ते म्हणाले, "मला माहीत नाही. माझ्या खात्यालाही माहीत नाही, असं दिसतंय. माझी आई शेवटचं वर्ष डायलिसिसवर होती. तिला मी गाडीतून घरी आणायचो. ज्याच्याकडे गाडी नाही, तो कसा येतो, हे मी कधी विचारलं नाही. सन्माननीय सदस्यांनी विचारलं, हे बरं झालं. मी सोय करीन."

विरोधी बाकांवरून बाकं वाजली. मग समोरूनही वाजली. गॅलरीत टाळ्या वाजवायला मनाई असते म्हणून मी साडीचा पदर मुठीत घट्ट धरून बसले.

बाहेर आलो तोच मामींचा फोन. मला वाटलं, आनंद सांगायला केला असेल. मामी म्हणाल्या, "वॉर्डात सगळ्यांनी बघितला गो. नर्सबाईच्या डोळ्यांतसून पाणी इला. पण शालन इली ना. ही लागोपाठ दुसरी खेप चुकली तिची. हे म्हणतत, कोणाक तरी धाडा."

भाऊंनी हार, पेढे, पत्रकार सगळं सोडलं आणि गाडी लाटंबार्शाकडे घ्यायला सांगितली. गावात पोचून विचारत विचारत आम्ही तिचं घर गाठलं. शालन पडवीत भिंतीला टेकून बसली होती. चेहरा आणि पाय सुजलेले, श्वास अर्धवट. मुलगी बाजूला बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. आम्हाला ती ओळखत नव्हती.

"विष्णूमामांनी पाठवलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "आज जातलंय म्हणून भायर सरलेलंय," ती म्हणाली. "पण परत येवपाचा मनात इला आणि खाली बसलंय."

भाऊ आणि ड्रायव्हरनं तिला हात देऊन गाडीत बसवलं. मुलीला शेजारणीकडे ठेवलं. वाटेत तिला आडवं होता येत नव्हतं, श्वास कोंडायचा. मी तिला माझ्या खांद्याशी टेकवून धरलं होतं. इस्पितळात डॉक्टरांनी बघितलं आणि थेट यंत्रावर घेतलं. नंतर ते मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकलो नसतो." पलीकडच्या खाटेवर विष्णूमामांचं संपलं होतं, पण ते घरी गेलेच नव्हते. ती डोळे उघडीपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले.

रुग्णांना घरी सोडणारी सरकारी गाडी काही दुसऱ्या दिवशी आली नाही. सरकारात मंत्री मनापासून बोलला, तरी ते बोलणं फायलीतून चालत यावं लागतं. सभागृहात दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करायला एक आश्वासन समिती असते. तिच्याकडे मी इतक्या वेळा गेले, की तिथला शिपाई मला बघून न विचारता चहा सांगायचा. तोवर भाऊंची गाडी डायलिसिसच्या दिवशी भाऊंना मिळत नसे. ते अधूनमधून बसनं कार्यालयात यायचे आणि लोकांना वाटायचं, आमदार साधे आहेत. साधे होतेच, पण कारण वेगळं होतं.

शेवटी पावसाळा सरल्यावर व्हॅन आली. पेडण्याला एक, डिचोलीला एक. उद्घाटन मंत्र्यांनी केलं. त्यांनी भाऊंना शेजारी उभं केलं आणि नारळ त्यांच्या हातात दिला. तशी रीत नसते.

विष्णूमामा पुढे बरीच वर्षं त्या व्हॅनमधून ये-जा करत राहिले. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीकडे बसायचे. थकवा कमी होत गेला, तसे गावच्या जत्रेत एकदा रंगमंचावर उभेही राहिले. राजा म्हणून नव्हे, राजाचा म्हातारा बाप म्हणून, बसून. गेले ते आपल्या घरी, आपल्या खाटेवर, मामींच्या हातची पेज पिऊन. मामी मला म्हणाल्या, "सुखान गेले गो." भाऊंनी त्यांना खांदा दिला.

पुढच्या निवडणुकीत भाऊ पडले. थोडीच मतं कमी पडली. का पडले, याची शंभर कारणं लोक सांगत आणि त्यातली निम्मी खरी असतील. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालय आवरायला बसलो. काल सकाळपर्यंत जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे आम्ही दोघंच. फोन वाजत नव्हता. भाऊ कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होते. मी चहा करून दिला, तो तसाच निवला.

दुपारी दारात शालन उभी राहिली. चांगली तरतरीत, अबोली माळलेली, हाताशी मुलगी. मुलगी आता आईच्या खांद्याला आली होती.

भाऊ उठले. "ये गो, बस. कशी आसंस? पण आता हंय येवन उपेग ना. मी आमदार नसंय."

"ता ठावक आसा माका," शालन म्हणाली. "काल टीव्हीर बघितलंय. वायट दिसला. पण काम आसा."

"कसला काम?"

"आमच्या वाड्यारच्या अंगणवाडीच्या बाईची बदली जाली. दुसरी कोण दिवक नाय. पोरां पडवेत बसतत, शेजारणी आळीपाळीन बघतत. कोणाक सांगतलंय? माका तुमीच ठावक."

मी म्हणणार होते, की अगो, ते काम आता तुमच्या आमदारांचं. पण भाऊंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी पुस्तकांचं खोकं पायानं बाजूला सारलं, फोन उचलला आणि डिचोलीच्या त्या आमदारांचा नंबर लावला. ते निवडून आले होते. मागे गोंगाट आणि फटाके ऐकू येत होते.

"अभिनंदन, भाई," भाऊ म्हणाले. "तुमच्यासाठी प्रश्न आसा एक. अंगणवाडीचो. अधिवेशन लागला की पयलो घाला. मीनाबाय लिवन धाडता."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही, पण भाऊ कालपासून पहिल्यांदा हसले. मी शालनला जवळ बसवलं आणि म्हटलं, "हां, आता सावकाश सांग. एकावेळी एकच."